खोक्यातून

रंगमंचाच्या पुढच्या कडेला, मधोमध, फळीखाली एक खोकं असतं.
प्रेक्षकांना ते दिसू नये अशीच त्याची बांधणी.
त्यात मी बसले एकोणतीस हंगाम,
गुडघ्यांवर घोंगडी, समोर स्वरलिपीचं बाड
आणि नाकासमोर बोहुमीर काल्वोदाचे बूट.

चव्वेचाळीस नंबर.
राजाचे असोत, जल्लादाचे असोत, सावकाराचे असोत,
टाच झिजायची डावीच, बाहेरून.
लोक त्याला चेहऱ्याने ओळखत.
मी खालून वर ओळखत गेले.

ओस्त्रावात तेव्हा सकाळी वाळत घातलेला पांढरा सदरा
संध्याकाळी राखाडी होऊन आत यायचा.
"बाप खाणीत उतरताना शिट्टी वाजवायचा,"
रंग पुसता पुसता तो एकदा म्हणाला,
"पिंजरा खोल जाई तशी शिट्टी खर्जात जाई.
ती ऐकू येईनाशी होई, तिथून माझा आवाज सुरू होतो."
मी आठवडाभर हळवी.
मग कळलं, हे तो प्रत्येक मुलाखतीत सांगतो.
बाप खाणीच्या कचेरीत हजेरी मांडायचा.

बॅरिटोन म्हणजे मधला.
घरात मधल्या मुलाचं होतं तेच.
टेनरला नायिका मिळते,
बासला गादी, नाहीतर देवाचा आवाज,
आणि हा कुणाचा तरी भाऊ, कुणाचा बाप,
पत्र घेऊन येणारा,
पत्र अडवणारा,
नकार ऐकून दारात उभा राहणारा.
एकशे बारा वेळा तो मेला,
निम्म्या वेळा माझ्यापासून हातभर अंतरावर.
एकदा शिंक दाबताना
प्रेताचे कान लाल झाले होते.

शब्द द्यायचा तो अर्धा श्वास आधी.
उशिरा दिला तर तो टोमणा होतो,
फार लवकर दिला तर पायात पाय.
माझा कधी चुकला नाही.

चौऱ्याहत्तर साली व्हिएन्नाहून बोलावणं आलं.
पासपोर्टच्या खिडकीतल्या बाईने
कागद नुसताच उलटा फिरवून परत सरकवला.
त्या रात्री प्रयोग होता.
त्याला सगळं पाठ होतं, मला ठाऊक होतं पाठ होतं,
तरी तिसऱ्या अंकात त्याने खाली माझ्याकडे पाहिलं.
मी शब्द दिला.
त्याने तो घेतला, तहानेल्याने भांडं घ्यावं तसा.
यावर आम्ही कधीच बोललो नाही.

शेवटच्या दोन हंगामांत
त्याच्या गाण्यांची पट्टी अर्ध्या स्वराने उतरवली.
वाद्यवृंदाला ठाऊक, मला ठाऊक,
आणि व्लास्ताला, त्याच्या बायकोला,
जी सातव्या रांगेत बसून
त्या जागेला नेमकी पर्स उघडून काहीतरी शोधायची.
वर्तमानपत्राने लिहिलं, आवाजाला नवं गांभीर्य आलंय.

आता व्लास्ता नाही.
तो वृद्धाश्रमात, दुसऱ्या मजल्यावर,
खिडकीतून बंद पडलेल्या खाणीचं चाक दिसतं.
"बोलत नाहीत हो," परिचारिका म्हणाली,
"नावाला ओ सुद्धा देत नाहीत."

मी खुर्ची नाकारली.
पायाजवळचं बुटकं स्टूल ओढलं, बसले.
सपाता. डावी टाच झिजलेली.
मग वर पाहिलं आणि
तिसऱ्या अंकातला तो शब्द दिला,
ओठांनीच, खोक्यातून द्यायची तसा.

त्याने एक बोट उचललं.
थांब.

दुसऱ्या हाताची बोटं चादरीवर चालली होती,
एक, दोन, तीन, चार,
पुन्हा एक.
रिकामी आवर्तनं मोजत होता तो.
त्याचं गाणं यायला अजून अवकाश होता,
आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
मी आधी घुसले होते.

मी तोंड मिटलं.
मोजायला लागले.